यूकेहून गाडी आणायची होती, आडगाव नाक्याच्या क्लिअरिंगवाल्या काकांनी वेळेत थांबवलं

खूप दिवसांपासून लिहायचं लिहायचं चाललंय, आज लेक आजीकडे गेलाय म्हणून बसलेय एकदाची. आम्ही ९ वर्षं यूकेत होतो, रेडिंगला, आणि २०२५च्या जानेवारीअखेर कायमचे नाशिकला परत आलो. परत येताना सामान तर आणायचं होतंच पण आमची गाडीसुद्धा आणायची होती, आणि त्या कामासाठी आडगाव नाक्याच्या पुढे ट्रक टर्मिनसच्या बाजूला जे छोटंसं क्लिअरिंगचं, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून द्यायचं ऑफिस आहे (खाली टायरचं दुकान, वर जिना) तिथे गेलो. त्या ऑफिसबद्दल हे लिहितेय. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधी गाडीचं सांगते म्हणजे समजेल. टोयोटा यारिस हायब्रिड, हॅचबॅक, २२ची प्लेट. यूकेत नंबरप्लेटवरच कळतं गाडी कधीची ते, मार्च २०२२ ते ऑगस्ट २०२२ मध्ये रजिस्टर झाली तर २२ आणि सप्टेंबरपासून ७२. आम्ही ती नवीकोरी घेतली होती, चिपचा तुटवडा चालला होता तेव्हा, खूप वाट बघून मिळाली. लेकाला हॉस्पिटलमधून घरी आणलं ते याच गाडीत. २०२३ ला माझी आई आली होती, तिला याच गाडीतून स्कॉटलंडपर्यंत फिरवलं, डॅशबोर्डवरचा गणपती तिनेच चिकटवला होता, आणि पुढच्या वर्षी आई गेली. त्यामुळे गाडी विकून टाका असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात कालवायचं. नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं, त्याला वाटायचं स्टिअरिंग उजवीकडे, भारतातही उजवीकडे, दोन्हीकडे डाव्या बाजूने चालवतात, गाडी जेमतेम अडीच वर्षांची, मग आणायला अडचण काय असणार.

पहिल्यांदा आम्ही ऑनलाइन शोधून मुंबईच्या एका कंपनीशी बोललो. नाव लिहीत नाही. व्हिडिओ कॉलवर अगदी गोड बोलले, होऊन जाईल सगळं मॅडम, टीआरमध्ये (कायमचं परत येणाऱ्यांना कस्टम्सची जी सूट असते त्यात) बसवू, तुम्ही फक्त डॉक्युमेंट फी भरा. ३० हजार रुपये भरले. त्यानंतर दर आठवड्याला एक नवीन कागद मागायचे पण गाडीबद्दल एक साधा प्रश्न विचारला नाही त्यांनी. पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

दिवाळी २०२४ ला आम्ही १५ दिवसांसाठी नाशिकला आलो होतो. दिंडोरीला माझ्या मामांची द्राक्षबाग आहे, त्यांचा माल एक्सपोर्टला जातो आणि त्यांचे कंटेनर न्हावाशेवाला क्लिअर करून देणारे हेच काका. मामा म्हणाले अगं मुंबईच्या कंपन्या कसल्या धरतेस, आपल्या आडगाव नाक्यावर जा, तो माणूस २५ वर्षं पोर्टवर काम करतोय. म्हणून भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन टेबलं, भिंतीवर शिपिंग लाइनची कॅलेंडरं, कोपऱ्यात कांद्याच्या आणि द्राक्षाच्या पेट्यांचे सॅम्पल. एसी वगैरे काही नाही. मला खरं सांगायचं तर जिना चढताना वाटलं की इथे गाडीचं काय कळणार यांना.

काकांनी गाडीचे फोटो बघितले नाहीत, मॉडेल विचारलं नाही, पहिला प्रश्न विचारला, "गाडी बनली कधी?"

नवरा म्हणाला मार्च २०२२. तर काका म्हणाले, "साहेब, ती रजिस्टर झाली मार्चला. बनली कधी?"

आम्हाला माहीतच नव्हतं. यूकेचं लॉगबुक असतं ना, व्ही फाइव्ह सी म्हणतात त्याला, त्यावर पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख असते, गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली ते नसतं. आणि आपल्याकडचा नियम असा आहे की वापरलेली गाडी आणायची तर ती बनल्याच्या तारखेपासून ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. विकत घेतल्यापासून नाही, रजिस्टर झाल्यापासून नाही, बनल्यापासून. काकांनी तिथेच नवऱ्याला सांगितलं की चेसिस नंबर टाकून डीलरला मेल करा आणि बिल्ड डेट लेखी मागा. चार दिवसांनी उत्तर आलं, नोव्हेंबर २०२१. म्हणजे आमची गाडी फ्रान्सच्या कारखान्यात बनून, समुद्र ओलांडून, डीलरकडे उभी राहून मग मार्चमध्ये आमच्या हातात आली होती, आणि आम्ही ज्या दिवशी त्या ऑफिसात बसलो होतो त्या दिवसापासून तीन वर्षं पुरी व्हायला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते. जानेवारीत आम्ही निघणार, गाडी त्याच्या आसपास जहाजावर चढणार, त्यात लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे तेव्हा बहुतेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती म्हणजे वरचे दहाबारा दिवस धरा. काहीही केलं तरी ती वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. मुंबईच्या कंपनीने आमच्याकडून तीन महिन्यांत सतरा कागद घेतले पण ही एक तारीख विचारली नाही, आणि ती विचारली असती तर तिथेच विषय संपला असता. मला अजूनही याचा संताप येतो.

पण काका इथे थांबले नाहीत, आणि मला त्यांचं हेच सगळ्यात जास्त आवडलं. तारखेचं कळलं त्या दिवशी मी थोडी रडवेली झाले, आईचं वगैरे सांगितलं त्यांना. त्यांनी चहा मागवला. समजूत घालायच्या फंदात पडले नाहीत, उपदेश नाही केला, म्हणाले, "ताई, तारीख बसत नाही हे एक झालं. पण उद्या तुम्हाला कोणी तरी भेटेल आणि म्हणेल मी करून देतो. म्हणून पूर्ण हिशोब आजच बघून घ्या, म्हणजे मनात राहायला नको." आणि मग पाठकोऱ्या कागदावर दीड तास लिहीत होते.

तो कागद मी जपून ठेवलाय. त्यात जे होतं ते जमेल तसं सांगते कारण परत येणाऱ्या लोकांना हे कोणी सांगतच नाही.

वापरलेल्या गाडीला अटी आहेत, तारखेची सांगितलीच. स्टिअरिंग उजवीकडे हवं, म्हणजे दुबई, सौदी, अमेरिका, जर्मनीवाल्यांनी तर विचारच सोडून द्यायचा, माझा चुलतभाऊ मस्कतला आहे तो नेहमी म्हणतो माझी एसयूव्ही आणणार, त्याला लगेच फोन करून सांगितलं. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या ट्रॅफिकला जुळणारा हवा. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, आणि यूकेच्या गाड्यांचा काटा मैलात असतो. म्हणजे स्टिअरिंग आणि हेडलाइट या दोन गोष्टींत यूकेची गाडी पास, आणि तेवढ्यावरच आम्ही खूश होऊन बसलो होतो.

मग सर्टिफिकेटं. गाडी जहाजावर चढायच्या आधी तिथल्या मान्यताप्राप्त टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट पाहिजे की गाडी आपल्या मोटार वाहन कायद्यात बसते, आणि गाडी बनवताना जी मूळ मंजुरी मिळालेली असते तिच्याशी ती जुळते असंही एक. आपली नेहमीची एमओटी (यूकेतली गाडीची दरवर्षीची तपासणी) म्हणजे तो कागद नव्हे. नवरा म्हणाला धुराच्या प्रदूषणाच्या नियमात गाडी युरो सिक्स आहे आणि आपल्याकडे बीएस सिक्स म्हणजे एकच ना, तर काका म्हणाले नावात सहा आहे म्हणून एक होत नाही, टेस्ट करणाऱ्याने लिहून द्यावं लागतं. त्यानंतर गाडी इथे उतरली की, आणि वापरलेली गाडी फक्त मुंबईच्या पोर्टलाच उतरवता येते, बाकी कुठे नाही, तर उतरल्यावर कस्टम्समधून सोडवायच्या आधी ती परत टेस्टिंगला न्यावी लागते, पुण्याच्या एआरएआयला किंवा नगरच्या व्हीआरडीईला. नगरला डिफेन्सची ती संस्था आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, शिर्डीला जाऊन पुढे नगरला आत्याकडे जायचो तेव्हा बोर्ड दिसायचा, पण तिथे परदेशातल्या गाड्या तपासतात हे पहिल्यांदा ऐकलं. आणि हे सगळं होईपर्यंत गाडी यार्डात उभी आणि डेमरेज, म्हणजे उभं राहायचं भाडं चालू. वर आणखी एक अट अशी की गाडी पुढची ५ वर्षं रस्त्यावर चालण्यालायक आहे आणि ती ५ वर्षं भारतात तिची सर्व्हिस मिळेल याची हमी द्यायची. आता आमचं मॉडेल भारतात विकलंच जात नाही. यारिस नावाची गाडी इथे होती २०१८ ते २०२१, पण ती सेडान, आमची हायब्रिड हॅचबॅक इथे कधी आलीच नाही. बंपर फुटला तर कुठून आणणार, बॅटरीला काही झालं तर अंबडचा कुठला मेकॅनिक हात लावणार. हे ऐकल्यावर नवराही गप्प झाला.

मग पैशाचा हिशोब. इथे मला वाटायचं की टीआर म्हणजे ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये सूट मिळते तर गाडीलाही मिळेल. काका म्हणाले टीआर घरच्या सामानाला, गाडीला नाही, आणि हे कोणी सांगत नसेल तर तो माणूस तुम्हाला फसवतोय. तुम्ही गाडी किती स्वस्तात घेतली किंवा आज तिला काय भाव आहे याच्याशीही कस्टम्सला देणंघेणं नाही, ते कंपनीची नवीन गाडीची लिस्ट प्राइस धरतात आणि वय बघून घसारा कापतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. आमची लिस्ट प्राइस २२ हजार पाउंड, तेव्हाच्या १०९च्या भावाने जवळपास २४ लाख. तीन वर्षांचा घसारा ३८ टक्के, उरले १५ लाखांच्या आसपास. जहाजाचं भाडं आणि इन्शुरन्स धरून साडेसोळा. आता यावर ड्युटी १२५ टक्के आणि त्या ड्युटीवर १० टक्के सरचार्ज म्हणजे एकूण एकशे साडेसदतीस टक्के, ते झाले पावणेतेवीस लाख. मग गाडी अधिक ड्युटी या सगळ्या बेरजेवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस, आणखी १७ लाख. म्हणजे जिची किंमत साडेसोळा लाख धरली तिच्यावर ४० लाखांच्या घरात नुसता कर. (हे २०२४चे आकडे आहेत, २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि छोट्या आणि इलेक्ट्रिक गाड्या सोडून बाकीच्यांना सरळ ४० टक्के जीएसटी झालाय, त्यामुळे आता कोणी गेलात तर हिशोब नव्याने करून घ्या, पण फार आशा ठेवू नका.)

मी म्हटलं बस काका, तर म्हणाले अजून पेठ रोड राहिलं. म्हणजे आरटीओ. एमएच १५ लावायचं तर रोड टॅक्स भरायचा, आणि आपल्या महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला तो २० टक्के आहे, पेट्रोल असो डिझेल असो, आणि तो ड्युटीसकटच्या किमतीवर. म्हणजे ५६ लाखांवर २० टक्के, ११ लाख. सगळं मिळून एका यारिससाठी घरातून ५० लाखांच्या वर काढायचे होते, गाडीची स्वतःची किंमत वेगळीच. मी तो आकडा बघितला आणि मला आई आठवली, ती भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायची, तिने मला या आकड्यासाठी उभं केलं नसतं घरात.

नवऱ्याचा तरी विश्वास बसेना, तो म्हणाला आरटीओचं एकदा प्रत्यक्ष विचारून येऊ. काकांनी राग मानला नाही, उलट त्यांच्याकडे काम करणाऱ्या दादाला आमच्याबरोबर पाठवलं पेठ रोडला, स्वतःची गाडी देऊन. तिथे काउंटरवर नीट सगळं समजावून सांगितलं, २० नंबर फॉर्म, बिल ऑफ एंट्री, कस्टम्सचे कागद, टेस्ट रिपोर्ट, इन्शुरन्स आणि गाडी स्वतः तपासणीला, आणि टॅक्सचा आकडाही काकांनी सांगितला तोच निघाला. या फेरीचे काकांनी एक पैसा घेतला नाही. दादाने पेट्रोलचेही घेतले नाहीत, आम्हीच जबरदस्तीने रामवाडीला रसवंतीवर थांबवून रस पाजला.

अजून दोन गोष्टी इथे सांगून ठेवते कारण त्या आम्हाला लोकांनी सुचवल्या होत्या. एक म्हणजे नवऱ्याच्या मित्राने सांगितलं की त्र्यंबक रोडला त्याने फॉरेनच्या नंबरप्लेटची गाडी बघितली होती मग ती कशी चालते. ती कार्नेटवर असते. परदेशी टुरिस्ट आपली गाडी घेऊन जग फिरतात ना, ते आपापल्या देशातल्या ऑटोमोबाइल क्लबकडून कार्नेट घेतात, म्हणजे गाडीचा पासपोर्टच समजा, पैशाची गॅरंटी ठेवावी लागते, आणि सहा महिन्यांत गाडी देशाबाहेर न्यावीच लागते. परत येऊन इथे राहणाऱ्या माणसासाठी तो रस्ता नाही. दुसरी गोष्ट, एकाने फोनवर सांगितलं होतं की दुसऱ्या राज्यात नंबर करून देतो, टॅक्स वाचेल. हे काकांना विचारलं तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. म्हणाले कस्टम्सच्या कागदावर एक आणि आरटीओच्या कागदावर दुसरं असलं की गाडी जप्त होते आणि माणूस कोर्टाच्या फेऱ्या मारतो, हे मी करत नाही आणि जो करतो त्याचं नावही माझ्या ऑफिसात घ्यायचं नाही.

त्या दिवशी मी विचारलं काका तुमची फी किती. म्हणाले कशाची, काम तर झालंच नाही. दीड तास बसून, गाडी देऊन, माणूस देऊन, शून्य रुपये. मुंबईवाल्यांचे ३० हजार आठवून मला लाजच वाटली.

मग सामानाचं काम आम्ही त्यांनाच दिलं, तेही सांगते कारण खरी सर्व्हिस तिथे वापरली. इथे टीआर लागतो. दोन वर्षांपेक्षा जास्त बाहेर राहिलेल्यांना आमच्या वेळी घरच्या वापरलेल्या सामानावर ५ लाखांपर्यंत सूट होती, फक्त त्या शेवटच्या दोन वर्षांतल्या भारतातल्या फेऱ्या मिळून सहा महिन्यांच्या वर जाता कामा नयेत. काकांनी आमच्या पासपोर्टवरचे शिक्के बघून दिवस मोजले, आईच्या आजारपणात मी दोन महिने इथे राहिले होते म्हणून मला भीती होती, पण बसलं. यादी कशी करायची ते सांगितलं, प्रत्येक खोक्याला नंबर, आत काय ते मराठी-इंग्लिश दोन्हीत, जुन्या वस्तूला जुनी लिहा, नव्या डब्यातली वस्तू असेल तर बिल जोडा. टीव्ही आणि डिशवॉशर तिथेच विका, त्यावर ड्युटी लागते, फ्रिज मोठा असेल तर तोही. आम्ही टीव्ही विकला आणि डिशवॉशर शेजारच्या केरळी कुटुंबाला दिलं.

गाडीसुद्धा तिथेच विकली, १५ हजार पाउंडच्या आसपास आले. डीव्हीएलएला (तिकडचं आरटीओच समजा) ऑनलाइन कळवलं, रोड टॅक्सचे उरलेले पूर्ण महिने त्यांनी आपोआप परत केले. गणपती मात्र मी हेअर ड्रायरने गरम करून हळूच सोडवला आणि हँडबॅगेत आणला. लेकाची सीट आणली सामानात, ती आता इथल्या गाडीत आहे. गणपतीही.

सामान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात न्हावाशेवाला लागलं. आणि इथे तो अर्धा स्टार गेला. मार्च म्हणजे द्राक्षाचा ऐन सीझन, काकांचे सगळे लोक युरोपला जाणाऱ्या कंटेनरच्या मागे, आणि आमचा फोन कोणी उचलेना. तीन दिवस. चौथ्या दिवशी मी स्वतः गेले आडगाव नाक्याला आणि थोडं मोठ्याने बोलले. काकांनी कारण सांगितलं नाही, सरळ म्हणाले ताई चुकलं, तुमचं सामान जहाजातून उतरलंय, फ्री डेज (भाडं न लागणारे दिवस) अजून शिल्लक आहेत, परवा पहाटे निघू. द्राक्ष खराब होतं आणि आमच्या कपबशा नाही होत हे मला कळतं, माझ्या मामांचाच माल त्यात असेल कदाचित, पण ज्याचं घर त्या खोक्यांत अडकलंय त्याला तीन दिवस फोन न लागणं फार अवघड जातं. एक मेसेज टाकायला हवा होता कोणी तरी.

परवा पहाटे चारला निघालो, कसाऱ्याचा घाट अंधारात उतरलो, नऊच्या आत पोचलो. कस्टम्सने सहा खोकी उघडली, यादीशी जुळवली, नवऱ्याला दोन-तीन प्रश्न विचारले, पासपोर्ट बघितला. काका शेवटपर्यंत उभे होते बरोबर, उन्हात, त्यांना बीपीचा त्रास आहे तरी. डीओचे (शिपिंग लाइनच्या डिलिव्हरी ऑर्डरचे) पैसे, सीएफएसचे (कंटेनर उतरवून ठेवतात त्या यार्डाचे) पैसे, टेम्पो, हमाली, सगळं त्यांनी नोव्हेंबरमध्ये ज्या कागदावर लिहून दिलं होतं त्यात आणि शेवटच्या बिलात १,८०० रुपयांचा फरक आला, तोही टेम्पोवाल्याचा. माझ्या बहिणीचं सामान दुसरीकडून आलं होतं तेव्हा पोर्टवर गेल्यावर अचानक ४५ हजारांचे लोकल चार्जेस निघाले होते, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. एक खोकं दबलेलं निघालं, आत पोळपाट होता, तो शाबूत.

संध्याकाळी सात वाजता टेम्पो गंगापूर रोडला आमच्या दारात होता.

आता जाणाऱ्यांसाठी. परदेशातून गाडी आणायचं डोक्यात असेल तर जायच्या आधी बिल्ड डेट लेखी मागवून ठेवा, लॉगबुकची कॉपी, नवीन गाडी घेतानाचं बिल आणि पासपोर्टची सगळी पानं न्या, शिक्क्यांसकट. गाडी अगदी नवीन असेल, उजव्या स्टिअरिंगची असेल, इथे विकल्या जाणाऱ्या मॉडेलची असेल आणि एवढा कर भरायची खरंच तयारी असेल तर काका नाही म्हणणार नाहीत, त्यांनी केलीत अशी कामं, एका साहेबांची गाडी नगरला टेस्टिंगला नेल्याचं त्यांनी सांगितलं होतं. जानेवारी ते एप्रिल शक्यतो टाळा, आणि टाळता येत नसेल तर फोनवर अवलंबून राहू नका, सरळ जा. दुपारी दोन ते तीन जेवायला घरी जातात. पार्किंग खाली मिळत नाही, ट्रक उभे असतात, टर्मिनसच्या गेटजवळ लावून चालत या.